मेंदोसा : आडनाव एक, ढाली अनेक

हिरवी ढाल, तिच्यावर धारकाच्या उजव्या खांद्याकडून डावीकडच्या तळापर्यंत तिरपा उतरणारा लाल पट्टा आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक सोनेरी रेघ. स्पेनमधील मेंदोसा घराण्याचे मूळ कुलचिन्ह एवढेच आहे. त्यात सिंह नाही, गरुड नाही, किल्ला नाही, मुकुटही नाही. इतक्या साध्या चिन्हाने कास्तील राज्याच्या इतिहासात जितकी जागा व्यापली, तितकी फार थोड्या चिन्हांच्या वाट्याला आली. ग्वादालाहारातील राजवाड्यावर, वायादोलिदमधील विद्यालयाच्या दारावर आणि ग्रानादाच्या अलाम्ब्रा किल्ल्यातील कारंज्यावर ते आजही पाहायला मिळते.

या घराण्याकडे मी वळलो त्याला घरगुती कारण आहे. माझे आजोळ वसईतल्या मेंडोन्सांचे. स्पॅनिश मेंदोसा, पोर्तुगीज मेंदोंसा आणि आमच्याकडचे मेंडोन्सा ही एकाच नावाची तीन रूपे आहेत. अलीकडे परदेशी दुकानांतून इंटरनेटवर ‘आपल्या आडनावाचे राजचिन्ह’ छापून मिळते आणि आमच्या नात्यातल्या एका घरीही अशी चौकट भिंतीवर लागली आहे. ती पाहिल्यावर हे चिन्ह आले कोठून, ते कोणाचे होते आणि त्यावर आपला हक्क कितपत पोहोचतो, हे नीट समजून घेण्याची मला गरज वाटली. त्या वाचनातून हाती आलेले येथे मांडत आहे.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात आलावा नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी वितोरिया हिच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर मेंदोसा नावाचे लहानसे गाव आहे. बास्क भाषेत ‘मेंदी’ म्हणजे डोंगर आणि ‘ओत्स’ म्हणजे थंड, म्हणून गावाचे नाव ‘थंड डोंगर’ या अर्थाचे, असे सामान्यतः मानले जाते. गावावरून गावच्या मालकाचे नाव पडले, जसे आपल्याकडे पाटण सोडलेला माणूस पाटणकर होतो. गावात मेंदोसांचा तेराव्या शतकातला दगडी मनोरा आणि त्याभोवतीचा तट अजून उभा आहे. विशेष म्हणजे काही दशके याच मनोऱ्यात आलावा प्रांताच्या कुलचिन्हांचे संग्रहालय होते.

आलावातील हे जमीनदार त्या काळी आपापसांत सतत लढत असत. मेंदोसांचे शेजारी आणि कडवे प्रतिस्पर्धी म्हणजे गेवारा घराणे. गेवारांच्या ढालीवर लाल जमिनीवर पाच रुपेरी पाने असत. हृदयाच्या आकाराच्या या पानांना स्पॅनिश कुलचिन्हशास्त्रात ‘पानेला’ म्हणतात. मेंदोसांच्या एका शाखेच्या ढालीवर अशीच पाने दिसतात, पण ती दहा आहेत. लढाईत गेवारांचा पराभव केल्यावर त्यांची पाने हिसकावून दुप्पट करून मिरवली, अशी हकिकत सांगितली जाते. हकिकत खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : मेंदोसा हे नाव ज्या काळी एका खोऱ्यापुरते मर्यादित होते, त्या काळीसुद्धा या नावाची ढाल एकच नव्हती.

हिरव्या ढालीवरच्या लाल पट्ट्याकडे परत येतो, कारण कुलचिन्हशास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा नियम या एका चिन्हात समजून घेता येतो. पश्चिम युरोपात बाराव्या शतकात ढालींवर वंशपरंपरेने चालणारी चिन्हे रंगवण्याची पद्धत रूढ झाली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला स्वार दुरून ओळखता यावा, ही त्या काळची निकड होती. म्हणून रंगांचे दोन वर्ग केले गेले. सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’ आणि लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, असा दंडक पडला. गडद जमिनीवर गडद आकृती धुळीत आणि गर्दीत दिसत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे. मेंदोसांची ढाल हिरवी आणि पट्टा लाल, म्हणजे रंगावर रंग झाला. दोहोंच्या मध्ये सोनेरी कड आली, की लाल पट्टा हिरव्या जमिनीला थेट टेकत नाही आणि दुरून उठूनही दिसतो. अनेक छापील चित्रांत ही सोनेरी रेघ शोभेची समजून गाळली जाते. माझ्या मते ती त्या चिन्हातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. स्पॅनिश परिभाषेत या ढालीचे वर्णन करताना ‘सिनोप्ले’ म्हणजे हिरवा, ‘गुलेस’ म्हणजे लाल, ‘ओरो’ म्हणजे सोनेरी असे ठरावीक शब्द वापरतात आणि शेवटी ‘सोनेरी कडांचा’ हा उल्लेख आवर्जून करतात.

लाल पट्टा रक्ताचा आहे, जखमी पूर्वजाच्या हिरव्या ढालीवरून रक्ताची धार वाहिली, अशा कथा पुढे जोडल्या गेल्या. युरोपातील बहुतेक जुन्या चिन्हांना अशा कथा नंतर चिकटतात. आधी चिन्ह असते आणि काही पिढ्यांनी त्याचे कारण सांगणारा भाट येतो. नावार राज्याच्या ढालीवरील साखळ्या १२१२ च्या लास नावास दे तोलोसा येथील लढाईत मिळाल्या, ही हकिकतही याच जातकुळीची आहे.

१३३२ मध्ये आलावाच्या सरदारांनी करार करून कास्तीलचा राजा अकरावा आल्फोन्सो याचे आधिपत्य स्वीकारले आणि मेंदोसांना दक्षिणेचे दार उघडले. डोंगरी मुलखातला मनोरा सोडून ते ग्वादालाहाराकडे सरकले आणि दोन पिढ्यांत राज्याच्या पहिल्या रांगेत आले. कास्तीलमधल्या यादवीत त्यांनी दुसऱ्या एन्रिकेची बाजू घेतली आणि १३६८ मध्ये ईता आणि ब्युत्रागो ही गावे त्यांच्या पदरात पडली. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोता येथे पोर्तुगीजांनी कास्तीलच्या सैन्याचा धुव्वा उडवला. त्या दिवशी पेद्रो गोन्साल्वेस दे मेंदोसा याने आपला घोडा राजा पहिला हुआन याला दिला, स्वतः रणांगणात राहिला आणि मारला गेला, ही आठवण घराण्याने पुढे शतकानुशतके जपली.

याच पेद्रोच्या मुलाच्या लग्नातून मेंदोसांची ढाल बदलली. दिएगो उर्तादो दे मेंदोसा हा कास्तीलच्या आरमाराचा प्रमुख होता. त्याने लेओनोर दे ला वेगा हिच्याशी विवाह केला. ती उत्तरेकडील कांताब्रियातल्या वेगा घराण्याची वारस होती. आजच्या तोर्रेलावेगा शहराच्या नावात त्या घराण्याच्या बुरुजाचे नाव टिकून आहे. वेगांच्या ढालीवर सोनेरी जमिनीवर निळ्या अक्षरांत ‘आवे मारिया ग्रात्सिया प्लेना’, म्हणजे मरियेला उद्देशून देवदूताने उच्चारलेले लॅटिन वंदन लिहिलेले असे. अक्षरे हेच चिन्ह असणारी ढाल दुर्मीळ आहे आणि ती पाहताक्षणी लक्षात राहते.

या अक्षरांची कथा स्पेनमध्ये फार लोकप्रिय आहे. एका मूर, म्हणजे मुस्लिम, योद्ध्याने ‘आवे मारिया’ लिहिलेला कागद घोड्याच्या शेपटीला बांधून ख्रिस्ती छावणीपुढे फिरवला, तेव्हा गार्सिलासो दे ला वेगा नावाच्या सरदाराने द्वंद्वात त्याला मारून तो कागद आणला आणि ती अक्षरे आपल्या ढालीवर घेतली, असे सांगतात. कोणी हा प्रसंग १३४० च्या सालादो नदीवरील लढाईतला मानतात, तर कोणी १४९० च्या सुमारास ग्रानादाच्या वेढ्यात तो घडल्याचे सांगतात. दुसरा काळ उघडच अशक्य आहे. लेओनोरचे लग्न चौदाव्या शतकाच्या अखेरचे. तिचा मुलगा ईन्यिगो लोपेस दे मेंदोसा १४५८ मध्ये वारला आणि आईच्या घराण्याची ही अक्षरे त्याच्या काळातच मेंदोसांकडे आलेली होती. ग्रानादाचा वेढा पडण्याच्या कितीतरी आधीपासून जे चिन्ह वापरात होते, त्याचा जन्म त्या वेढ्यात कसा होईल? तरीही कथा टिकली. ग्रानादा जिंकल्याचा क्षण स्पेनच्या स्मृतीत इतका मोठा झाला, की जुन्या पराक्रमांनाही तेथेच ओढून नेण्याचा मोह लोकांना आवरला नाही.

मेंदोसांनी दोन्ही ढाली एकत्र केल्या, त्या पद्धतीवरूनच हे घराणे ओळखू येते. दोन घराण्यांची चिन्हे जोडताना ढालीचे उभ्या-आडव्या रेघांनी चार चौकोन करण्याची पद्धत सर्वत्र आहे. मेंदोसांनी मात्र ढाल गुणिलेच्या खुणेसारखी तिरप्या रेघांनी चार त्रिकोणांत विभागली. वरच्या आणि खालच्या त्रिकोणांत हिरवी जमीन आणि लाल पट्टा ठेवला, दोन बाजूंच्या सोनेरी त्रिकोणांत मरियेचे वंदन ठेवले. एका बाजूला ‘आवे मारिया’, दुसऱ्या बाजूला ‘ग्रात्सिया प्लेना’. जगभर ‘मेंदोसांचे चिन्ह’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा हेच असते. प्रत्यक्षात ते सर्व मेंदोसांचे नाही. आरमारप्रमुख दिएगो आणि लेओनोर यांच्या वंशाचे ते आहे.

त्या दोघांचा मुलगा ईन्यिगो लोपेस दे मेंदोसा याला १४४५ मध्ये सांतियानाचा मार्केस ही पदवी मिळाली. कवी आणि ग्रंथसंग्राहक म्हणून स्पॅनिश वाङ्मयात त्याचे स्थान मोठे आहे. येथे मात्र त्याच्या मुलांच्या नावांकडे लक्ष वेधतो. थोरला दिएगो उर्तादो दे मेंदोसा, १४७५ मध्ये तो इन्फांतादोचा पहिला ड्यूक झाला. एका भावाचे नाव बापाचेच, ईन्यिगो लोपेस दे मेंदोसा. आणखी एक पेद्रो गोन्साल्वेस दे मेंदोसा, जो पुढे कार्डिनल झाला आणि राणी इसाबेलाच्या दरबारात इतका वजनदार ठरला, की लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणत. आणखी एका सख्ख्या भावाचे नाव होते लोरेन्सो सुआरेस दे फिगेरोआ. आई कातालिना सुआरेस दे फिगेरोआ हिच्या वडिलांचे नाव त्याला जसेच्या तसे दिले होते. दोन पिढ्यांनंतर तेंदियाच्या दुसऱ्या काउंटची मुलगी मारिया पाचेको हिनेही आईचे आडनाव लावले. तिचा नवरा हुआन दे पादिया याचा १५२१ मध्ये शिरच्छेद झाल्यावर तोलेदो शहर राजाच्या सैन्याविरुद्ध लढवणारी ती हीच. तिचा भाऊ आंतोनियो दे मेंदोसा न्यू स्पेनचा, म्हणजे आजच्या मेक्सिकोचा, पहिला व्हाइसरॉय झाला. बहीण पाचेको आणि भाऊ मेंदोसा, तरी दोघे एकाच आईबापांचे.

आजच्या सवयीने पाहिले तर हा गोंधळ वाटतो, पण त्यामागे व्यवहार होता. थोर घराण्यांच्या मालमत्ता ‘मायोरास्गो’ नावाच्या व्यवस्थेने एकाच वारसाकडे अखंड जात. १५०५ मध्ये तोरो येथील कायद्यांनी या व्यवस्थेला पक्के रूप दिले. मालमत्ता बांधून देणारा पूर्वज अनेकदा अट घालत असे, की जो ती घेईल त्याने आमचेच नाव आणि आमचीच ढाल धारण करावी. त्यामुळे आडनाव रक्तापेक्षा जमिनीच्या मागून जाई. आजीची इस्टेट मिळालेला नातू आजीचे आडनाव लावी, आणि कोणत्या मुलाला कोणाचे नाव द्यायचे हा त्या घराच्या पुढच्या वाटण्यांचा आराखडाच असे. ढालीवरील तुकडेही याच हिशेबाने वाढत. आज स्पेनमधील प्रत्येकाला आईचे आणि वडिलांचे अशी दोन आडनावे असतात. ही पद्धत १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने सर्वत्र पक्की झाली आणि १९९९ च्या कायद्यापासून त्यांचा क्रम आईवडिलांना ठरवता येतो. मेंदोसांच्या वैभवकाळातील माणसांना हा नियम लावून त्यांची वंशावळ शोधणारे हमखास चुकीच्या वाटेला लागतात.

ही सगळी गुंतागुंत दगडात पाहायची असेल तर ग्वादालाहारातील इन्फांतादो राजवाड्याइतकी चांगली जागा नाही. दुसऱ्या ड्यूकने १४८० मध्ये हुआन ग्वास या वास्तुकाराकडून तो बांधायला घेतला. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड ओळीने बसवले आहेत आणि प्रवेशद्वारावर दोन केसाळ रानमाणसांनी धरलेली ड्यूकची ढाल आहे. आतल्या चौकात सिंहांची शिल्पे आहेत. तेथे मेंदोसांच्या ढालीबरोबर लुना घराण्याची ढालही दिसते, कारण ड्यूकची पत्नी मारिया दे लुना होती. आल्वारो दे लुना या दरबारी पुरुषाशी तिच्या सासरच्यांचे पूर्वी हाडवैर होते आणि ती त्याचीच मुलगी. दोन पिढ्यांपूर्वी ज्या चिन्हाविरुद्ध तलवारी उपसल्या, ते चिन्ह सुनेबरोबर घरात आले आणि खांबांवर कोरले गेले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये यादवी युद्धातील बॉम्बहल्ल्यात हा राजवाडा जळाला आणि छतांचे अमूल्य लाकूडकाम नष्ट झाले. पुढे त्याची दुरुस्ती झाली आणि आज तेथे प्रांतिक संग्रहालय आहे.

वैभव आले की वंशावळही मागे मागे सरकते. मेंदोसांनी आपला संबंध बिस्कायाच्या प्राचीन अधिपतींशी जोडलाच, शिवाय कास्तीलचा महानायक सिद याच्याशीही जोडला. कार्डिनल मेंदोसाने आपल्या मुलाचे नाव रोद्रिगो दिआस दे बिबार इ मेंदोसा ठेवले. सिदचे खरे नाव नेमके रोद्रिगो दिआस दे बिबार. या मुलाला पुढे ‘सिदचा काउंट’ अशी पदवीही मिळाली. कार्डिनलला मुलगा कसा, हा प्रश्न पडेल. त्याची मुले विवाहबाह्य होती आणि ती नंतर कायदेशीर ठरवून घेतली गेली. ‘उर्तादो’ या नावाचीही अशीच कथा आहे. शब्दाचा अर्थ ‘चोरलेला’. बाराव्या शतकातील राणी उर्राका हिला काउंट पेद्रो गोन्साल्वेस दे लारा याच्यापासून झालेले, लपवून वाढवलेले मूल म्हणजे हा पहिला उर्तादो, आणि त्याच्या वंशातील मुलगी मेंदोसांच्या घरात आली म्हणून उर्तादो दे मेंदोसा असे जोडनाव झाले, असे वंशावळकार लिहितात. या माहितीकडे मी इतिहास म्हणून पाहत नाही. पण जे घराणे राणीच्या गुपिताचाही अभिमानाने उल्लेख करते, त्याच्या आत्मविश्वासाची कल्पना त्यातून येते.

आता हक्काचा प्रश्न. स्पेनमध्ये कुलचिन्ह आडनावाचे नसते. ते एका विशिष्ट वंशाचे असते आणि त्या वंशातले आपण आहोत हे दाखवावे लागते. कास्तीलमध्ये हा केवळ मानाचा मुद्दा नव्हता. ‘इदाल्गो’ म्हणजे खालच्या दर्जाचा का होईना पण सरदार ठरलेला माणूस सामान्यांवरचा कर देत नसे. म्हणून गावच्या पंचांनी कर लावला की तो वायादोलिद येथील राजन्यायालयात किंवा, १५०५ नंतर, ग्रानादा येथील न्यायालयात दावा लावी. आपल्या बापाने आणि आजोबाने कधी कर भरला नाही, हे शपथेवर सांगणारे वृद्ध साक्षीदार उभे करी. जिंकला तर चर्मपत्रावर लिहिलेला निवाडा मिळे आणि ऐपत असलेले लोक त्यावर आपली ढाल रंगवून घेत. हजारो दाव्यांची ही कागदपत्रे वायादोलिदच्या अभिलेखागारात आहेत. त्यात मेंदोसा आडनावाचा माणूस कर भरणाराही असू शकतो आणि इदाल्गोही. मेंदोसा गावातून बाहेर पडलेला शेतकरी, मेंदोसा सरदाराचा नोकर, त्याच्या घरी बाप्तिस्मा घेतलेला गुलाम, हे सगळे मेंदोसाच. त्यांच्यापैकी कोणालाही हिरवी-लाल ढाल मिळत नव्हती. उलट ज्यांच्याकडे ढाल वारशाने गेली, त्यांचे आडनाव राहिले नाही. इन्फांतादोची पदवी लग्नांमधून सांदोवाल, सिल्वा, तेयेस-हिरोन अशा घराण्यांकडे फिरत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती आर्तेआगा घराण्यात आहे.

समुद्रापलीकडे हे नाव ज्या वेगाने पसरले, त्याला सत्ता आणि बाप्तिस्मा या दोन गोष्टी कारणीभूत आहेत. १५३६ मध्ये पेद्रो दे मेंदोसाने ब्वेनोस आयरेसची पहिली वसाहत वसवली. १५६१ मध्ये आन्दिज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या शहराला चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंदोसा याचे नाव दिले गेले आणि द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेले अर्जेंटिनातील मेंदोसा ते हेच. तोच गार्सिया पुढे पेरूचा व्हाइसरॉय झाला. १५९५ मध्ये प्रशांत महासागरात सापडलेल्या बेटांना त्याच्या मार्केस या पदवीवरून मार्केसास हे नाव मिळाले. आज मेक्सिको, पेरू आणि फिलिपिन्स या देशांत मेंदोसा हे अत्यंत सामान्य आडनाव आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे (गॉडफादरचे) किंवा अधिकाऱ्याचे आडनाव घेण्याची पद्धत अमेरिका खंडात होती. फिलिपिन्समध्ये तर १८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याने फर्मान काढून छापील यादीतून लोकांना आडनावे वाटली.

पोर्तुगालमध्ये गेलेली शाखा मेंदोंसा झाली आणि उर्तादोचे फुर्तादो झाले. राजा पहिला मानुएल याने सिंत्रा येथील राजवाड्यात एका दालनाच्या छतावर राज्यातील थोर घराण्यांच्या ढाली रंगवून घेतल्या, त्यांत मेंदोंसांचीही आहे आणि तिच्यात सोनेरी कडांचा लाल पट्टा ओळखू येतो. आन्द्रे फुर्तादो दे मेंदोंसा हा या नावाचा माणूस आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात ठळकपणे येतो. १६०० मध्ये कालिकतच्या सामुतिरी राजाच्या मदतीने त्याने मलबारचा सागरी सरदार चौथा कुंजाली मरक्कार याला पकडले आणि गोव्यात कुंजालीला ठार मारण्यात आले. १६०९ मध्ये तो काही महिने गोव्याचा गव्हर्नर होता. फुर्तादो आणि मेंदोंसा ही त्याची दोन्ही नावे आज गोव्यात आणि वसईत वेगवेगळ्या घरांची आडनावे म्हणून नांदत आहेत, आणि आमच्याकडे फुर्ट्याडो आणि मेंडोन्सा यांच्यात लग्ने होतात तेव्हा हे जुने जोडनाव कोणाच्या ध्यानीमनीही नसते. लोपीस आणि घोन्साल्विस हेदेखील याच कथेतले. ‘लोपेचा मुलगा’ तो लोपेस, ‘गोन्सालोचा मुलगा’ तो गोन्साल्वेस. सांतियानाच्या मार्केसच्या आणि कार्डिनलच्या नावात जे पितृनाम आहे, त्याचेच पोर्तुगीज रूप वसईच्या वाड्यांमध्ये आडनाव झाले.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या दोन शतकांत धर्मांतरित कुटुंबांना धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे आडनाव मिळण्याची पद्धत होती. एकाच घरातील भावांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या प्रसंगी झाले तर त्यांची आडनावेही वेगळी होऊ शकत. म्हणून वसईच्या मेंडोन्साला आलावातील मनोऱ्याशी रक्ताने जोडणे निराधार आहे. या विधानात मला कोणताही कमीपणा वाटत नाही. आमच्या आजोळच्या माणसांची ओळख त्यांच्या बोलीत, त्यांच्या बागायतीत आणि चारशे वर्षे टिकवलेल्या त्यांच्या चालीरीतींत आहे. त्या जमिनीवर ती माणसे पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून होती. ड्यूकची ढाल भिंतीवर टांगली की ती जुनी ओळख झाकली जाते, आणि याच कारणाने मला त्या छापील चौकटीविषयी मनापासून आक्षेप आहे.

कुलचिन्हांची आवड असणाऱ्यांनी ती खुशाल जोपासावी, पण त्यासाठी खरी चिन्हे आपल्या जवळच आहेत. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत आणि त्यांवर ढाली, शिरस्त्राणे व लेख कोरलेले आहेत. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्येही असे थडग्यांचे दगड आहेत. त्या दगडांवरची ढाल वाचताना वर सांगितलेले रचनेचे नियम उपयोगी पडतात : आधी जमिनीचे विभाग पाहावेत, मग प्रत्येक विभागातील आकृती, आणि मग हे विभाग कोणत्या लग्नामुळे एकत्र आले असतील याचा विचार करावा. दगडावर रंग नसतात, त्यामुळे आकृतींवरच भिस्त ठेवावी लागते.

आपल्या घराचा मागोवा घ्यायचा असेल तर वाट वेगळी आहे. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू नोंदवह्या, जमिनीचे फेरफार आणि सातबारा, गोव्यात असल्यास गावकारीतील (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेतील) वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, नोंदी, हे आपले चर्मपत्र. धर्मपित्यांची नावे नोंदवहीत लिहिलेली असतात. तीच आडनावाची उकल करू शकतात, म्हणून ती वगळू नयेत. आजोळच्या धर्मग्रामातील नोंदवह्या पाहण्याची परवानगी मी मागितली आहे. मामांनी त्यांच्याकडचे जुने खरेदीखत छायाचित्र काढण्यासाठी दिले आहे. त्यात आडनावाच्या आधी वाडीचे नाव आणि बापाचे नाव नोंदलेले आहे, आणि शोध तेथून सुरू करायचे मी ठरवले आहे.